मांजर पाळताय? रोज वाळू बघा : खाणं, पाणी, लसी, मांजा आणि बाकी काळजी (नाशिककरांनो, तुमचेही अनुभव लिहा)

सिडकोची_माऊवाली

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्याभरात तीन जणींनी मांजराबद्दल विचारायला फोन केला. तिघींच्याही घरी पिल्लू नवं आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आमच्याकडे दोघं आहेत. मनी नऊ वर्षांची, आणि बंड्या चार वर्षांचा बोका. सुरुवात बंड्यापासूनच करते.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी बंड्या सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, बाहेर यायचा, खालचं अंग चाटायचा, की परत आत. मला वाटलं, शी होत नाहीये. उकडलेला भोपळा कालवून दिला, त्याने तोंड लावलं नाही. संध्याकाळी दोनदा ओकला आणि पलंगाखाली शिरला. बाहेर ओढून पोटाला हात लावला तर आत मोठ्या लिंबाएवढं टणक काहीतरी लागलं, आणि तो ओरडला. त्याचा तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. एका दवाखान्यात फोन केला तर "उद्या सकाळी आणा" म्हणाले. दुसऱ्या डॉक्टरांनी रात्री साडेनऊला दार उघडलं.

त्याची लघवी तुंबली होती. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद असते, त्यात बारीक खडे किंवा चिकट बुच अडकतं आणि वाट बंद होते. मग विष रक्तात चढतं, पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. दोन-तीन दिवसांत जीव जातो. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन चाललं, बंड्या वाचला. एक रात्र थांबले असते तर वाचला नसता, हे मला आजही झोपताना आठवतं.

तेव्हापासून मी रोज सकाळी वाळूतले गोळे मोजते. ओलं झाल्यावर गोळा होणारी वाळू वापरते, म्हणजे लघवीचा प्रत्येक गोळा वेगळा निघतो. आमच्याकडे एकेकाचे दिवसाला दोन ते चार. कमी निघाले, फार छोटे निघाले किंवा एकदम मोठे नि जास्त निघायला लागले, की डॉक्टरांना फोन. मांजर दुखणं लपवतं. कुत्रं येऊन सांगतं, मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. तिची ताटली आणि तिचं घमेलं या दोनच गोष्टी तुमच्याशी खरं बोलतात.

आता बाकीचं.

खाणं : मांजर मांसाहारी प्राणी आहे, आवडीने नव्हे, शरीराने. टॉरिन नावाचा घटक त्यांचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांस-मासळीतूनच मिळतो. तो कमी पडला तर हृदयाचे स्नायू सैल पडतात, डोळ्यांचा पडदा खराब होतो. म्हणून कुत्र्याचं खाणं मांजराला रोज घालू नका, त्यात मांजराच्या गरजेचं टॉरिन असेलच असं नाही. चार किलोच्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला साधारण ५०-६० ग्रॅम पुरतं, तेही तीन-चार वेळा विभागून. पाकिटावर वजनाचा तक्ता असतो, तो बघा. वाटी भरून ठेवली की घरबसं मांजर फुगतं.

पाणी : मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले, त्यामुळे यांना तहान कमी लागते. बंड्याच्या दुखण्यात कमी पाणी पिणं हे एक कारण होतं. मी घरात चार ठिकाणी मातीच्या पसरट परळ ठेवल्या आहेत, ताटलीपासून लांब आणि घमेल्यापासून तर फारच लांब. पाणी दोन वेळा बदलते. दिवसातून एकदा ओलं खाणं, त्यात दोन चमचे कोमट पाणी.

वाळू : जितकी मांजरं, त्यापेक्षा एक घमेलं जास्त. दोन वेळा उपसायचं. बांधकामाच्या वाळूने बऱ्याच जणी सुरुवात करतात, मीही केली होती. चालते, पण धूळ फार उडते आणि लघवी तळाशी जाऊन बसते, कळत काही नाही. मांजर बाहेर घाण करायला लागलं तर मारू नका. घमेलं अस्वच्छ असेल, जागा पटली नसेल, नाहीतर दुखत असेल.

तुमचे अनुभव लिहा.

---

गंगापूर_रोडची_वेदश्री

ताई, फार उपयोगी लिहिलंत. लेकीने पार्किंगमधून पिल्लू आणलंय, दीडेक महिन्याचं असेल. नाव ठेवलंय चिंगी. आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. सासूबाई म्हणतात, आजोळी दहा मांजरं दूध-पोळीवर वाढली, हिला काय वेगळं लागतंय? दूध दिलं की चिंगीला जुलाब होतात हे मात्र खरं. काय करू?

---

देवळालीकर_काका

वेदश्री, सासूबाई खोटं बोलत नाहीत, पण त्यांनी अर्धंच पाहिलं. माझंही लहानपण वाड्यात गेलं. मांजरांना संध्याकाळी दूध-पोळी मिळायची आणि रात्रभर ती माळ्यावर उंदीर, पाली, चिमण्या मारायची. पोट उंदरांवर भरायचं, दूध-पोळी वरकड. तुझी चिंगी तिसऱ्या मजल्यावर राहते, तिला उंदीर कुठून मिळणार? शिवाय त्या दहांतली किती जगायची, हे कुणी मोजत नव्हतं.

दूध बंद कर. आईचं दूध सुटलं की बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचेनाशी होते. जुलाब त्याचेच. दीड महिन्याचं पिल्लू दोन दिवसांच्या जुलाबात सुकून जातं, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नकोस.

---

सिडकोची_माऊवाली

काकांना अनुमोदन. वेदश्री, तयार कोरडं खाणं आण, पाकिटावर 'पिल्लांसाठी' लिहिलेलं. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजव, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं दे. घरात मांस शिजवायची गरज नाही. माझ्या एका मैत्रिणीकडे सोवळं-ओवळं कडक आहे. तिने गॅलरीत एक झाकणाचा डबा, वेगळा चमचा आणि वेगळी ताटली ठेवली आहे, सगळं गॅलरीतल्या नळाखालीच धुतलं जातं. देव्हाऱ्यापासून लांब. तिच्या सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, आता त्याच दुपारचं खाणं घालतात.

मांजराला शाकाहारी करायचा प्रयत्न मात्र नको. ते झेपणार नसेल तर पिल्लू दुसऱ्या चांगल्या घरी दिलेलं बरं. हे मी रागाने म्हणत नाही गं.

आणि इतक्या लहान पिल्लाला गोळा होणारी वाळू अजून नको, ते तोंडात घालून बघतात. दोन-अडीच महिन्यांची होईपर्यंत साधी वाळू किंवा कागदाचे कपटे.

---

लासलगावचा_पंक्या

आमच्याकडे घरचं शिजवून देतात, म्हणून लिहितो. रश्श्यातला तुकडा धुऊन मांजराला टाकायचा ही सवय आमच्याकडे घरोघरी आहे. ती मोडा. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा, शिजवलेला, पावडर, सगळा कांदा वाईट, आणि धुऊन रस निघत नाही. कांद्याच्या गावचा माणूस सांगतोय, ऐका. आमची सोनी अशीच फिकट पडली होती, हिरड्या पांढऱ्या फटक. चार दिवस सुया झाल्या तेव्हा वाचली.

मांजराचं चिकन वेगळं, नुसत्या पाण्यात, मीठ-हळदसुद्धा नको. हाड काढून, कारण शिजवलेलं हाड तडकतं आणि आतड्याला टोचतं.

---

सिडकोची_माऊवाली

पंकज दादा, बरं झालं हे लिहिलंत. एक भर घालते : नुसतं चिकन महिनोन्‌महिने हेही पुरेसं नाही. मांसात कॅल्शियम फार कमी असतं. वाढत्या पिल्लाला फक्त चिकन-काळीज दिलं तर हाडं पोकळ होऊन मोडतात. घरचं आठवड्यातून दोनदा हौसेने, रोजचं तयार. सुकट-बोंबलाचा वास त्यांना वेड लावतो, पण त्यात मीठ फार असतं, लघवीच्या त्रासाच्या बोक्याला तर नकोच.

आणि द्राक्षं-बेदाणेही नको. कुत्र्यांची किडनी त्याने निकामी होते हे पक्कं आहे, मांजरावर प्रयोग कशाला? आपल्याकडे हंगामात घरभर द्राक्षांची खोकी असतात. खोकी मांजराला द्या, द्राक्षं तुम्ही खा.

---

निफाडकर_बागायतदार

खोक्यावरून आठवलं. मांजर दवाखान्यात न्यायला पिंजरा नसेल तर भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट घ्या, एकावर एक उलटा ठेवा, चारी कोपरे सुतळीने बांधा. आत तिचंच जुनं पांघरूण. हवा खेळते, मांजर सुटत नाही. पिशवीत किंवा हातात धरून दुचाकीवर नेऊ नका. पिंपळगावच्या रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला आणि आमच्या शेजाऱ्यांचं मांजर उडी मारून गेलं ते गेलंच.

आता मळ्यावरच्या मांजरांचं. तीन गोष्टी.

बागेत, कांद्याच्या चाळीत उंदराचं औषध ठेवतो आपण. मेलेला किंवा झिंगलेला उंदीर मांजर खातं आणि विष तिच्या पोटात जातं. रक्त पातळ करणारं औषध असेल तर दोन-तीन दिवस काही कळत नाही, मग नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. त्यावर व्हिटॅमिन के हा उतारा आहे, पण वेळेत पोचलं तर. जाताना औषधाचं पाकीट सोबत न्या, कारण प्रत्येक विषाचा उपाय वेगळा.

फवारणी किंवा गंधकाची धुरळणी झाली की त्या दिवशी मांजर कोंडून ठेवा. पायाला लागलेलं सगळं ती चाटूनच साफ करते.

आणि थंडी. आमच्याकडे पारा कसा खाली जातो ते पेपरात वाचताच. त्या दिवसांत मांजर ऊब शोधत गाडीच्या इंजिनावर जाऊन झोपतं. सकाळी गाडी काढण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, अर्धा मिनिट थांबा, मग चावी फिरवा. माझ्या थोरल्या भावाने हे केलं नाही, त्याचं दुःख तो अजून बोलून दाखवत नाही. आम्ही आता पडवीत खोक्यात गोणपाट आणि वर जुनी गोधडी घालून ठेवतो.

---

येवल्याची_मीनल

संक्रांतीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आमच्याकडे येवल्याला तीन दिवस पतंग असतात, गच्चीगच्चीवर. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली, तरी सापडतोच. पाखरांचं तर सगळ्यांना माहीत आहे. मांजरांचं कुणी बोलत नाही.

मांजर दोरा गिळतं. तिच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, तो आतच जातो. आमच्या टिकलीने गिळला होता. दोन दिवस ओकत होती, खात नव्हती. तिसऱ्या दिवशी शेपटीखाली दोन बोटं दोरा लोंबताना दिसला. माझ्या दिराने तो ओढायला हात घातला आणि नशीब, मी थांबवलं.

तो दोरा कधीही ओढू नका. दुसरं टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकलेलं असतं. परकराच्या नेफ्यात नाडी ओढली की कापड कसं चुण्या पडून गोळा होतं, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं, आणि ओढलं की दोरा आतडं कापत जातो. बाहेर लोंबणारा भाग तसाच ठेवून थेट डॉक्टरांकडे. टिकलीचं पोट उघडावं लागलं, पण जगली.

सुईदोरा, राखीचे धागे, तोरणाची झिरमिळी, लोकरीचा गुंडा, सगळ्याला हेच लागू. चित्रात मांजर गुंड्याशी खेळतं ते चित्रातच ठेवा. खेळणं म्हणून काठीला मोरपीस बांधा, खेळ झाला की कपाटात.

---

सिडकोची_माऊवाली

मीनल, नाडीचं उदाहरण मी आता सगळ्यांना सांगणार. वाचताना अंगावर काटा आला.

---

पंचवटी_४२२००३

माझी बायको चौथ्या महिन्यात आहे. मांजर सहा वर्षं आमच्याकडे आहे. घरचे सगळे म्हणतात सोडून या, बाळाला धोका आहे. बायको रडते आहे. कुणाला नीट माहिती आहे का?

---

आडगावची_नर्सताई

दादा, मी सरकारी दवाखान्यात काम करते, माझ्या दोन्ही बाळंतपणांत मांजर घरात होतं. धोका आहे तो टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा. तो मांजराच्या शीमधून येतो, पण शी पडल्या पडल्या लागण होत नाही. त्याला तयार व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे घमेलं रोजच्या रोज साफ झालं तर धोका फार कमी होतो. ते साफ तुम्ही करायचं, वहिनींनी नाही. वहिनींनी कुंडीतल्या मातीत हात घालायचा तर हातमोजे घालून. मांजराला कच्चं मांस द्यायचं नाही, उंदरावर सोडायचं नाही. आणि ही लागण अर्धवट शिजलेल्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतूनही होते, हे घरच्यांना सांगा.

तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतः विचारा, त्या रक्ततपासणी सांगतील तर करा. सहा वर्षं घरात राहिलेलं मांजर रस्त्यावर सोडलं तर त्याचा टिकाव लागणं फार अवघड असतं.

मांजर चावलं किंवा ओरखडलं, तर त्याला रेबीजची लस दिलेली असली तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. मग त्याच दिवशी दवाखाना. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. रेबीज झाल्यावर औषध नाही, हे आम्ही रोज सांगतो तरी लोक चार दिवसांनी येतात.

---

पंचवटी_४२२००३

ताई, मनापासून आभार. बायकोला वाचून दाखवलं. घमेलं आजपासून माझ्याकडे.

---

गंगापूर_रोडची_वेदश्री

लसींचं पण सांगा ना. आणि पिल्लं न होण्याचं ऑपरेशन किती महिन्यांनी?

---

सिडकोची_माऊवाली

दीड-दोन महिन्यांपासून तीन रोगांची एकत्र लस सुरू होते, दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत. तीन महिन्यांची झाली की रेबीज. मग वर्षाने पुन्हा, आणि पुढे डॉक्टर सांगतील तसं. एकत्र लसीतला एक रोग मांजरांचा पार्व्हो, त्याने लहान पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात, म्हणून एखादी सुई चुकवू नकोस. जंताचं औषध पिल्लाला वरचेवर, मोठ्याला तीन महिन्यांनी, वजनावर मोजून.

ऑपरेशन चार-सहा महिन्यांत. "एकदा पिल्लं होऊ द्या, मग करा" हे सगळीकडे ऐकायला मिळतं, त्यात काही तथ्य नाही. पहिल्या माजाआधी केलं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका खूप घटतो. मांजर नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर असतानाच परत गाभण राहू शकते. बोक्याचंही करा. घरभर मुतणं, मारामाऱ्या, रात्र-रात्र बाहेर राहणं, बरंच थांबतं. टाके चाटू नये म्हणून मनीला मी जुन्या मोज्याला पाच भोकं पाडून अंगरखा केला होता.

---

देवळालीकर_काका

औषधांचं राहिलं. माणसाच्या तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला अर्धीसुद्धा देऊ नका. त्यांच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं, हिरड्या तपकिरी-निळ्या होतात. मुलांना देतो तशी थोडी दिली असं म्हणणारे मला भेटले आहेत, मांजर वाचलं नव्हतं.

कुत्र्याच्या मानेवर टाकायचं पिसवांचं औषधही नाही, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, त्याने मांजराला झटके येतात. फरशी फिनेलने पुसली तर पूर्ण वाळेपर्यंत खोली बंद. कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढा. आणि फुलदाणीत लिली नको. तिचे परागकण अंगावर पडले आणि चाटले तरी मांजराची किडनी जाते.

---

निफाडकर_बागायतदार

काका, लिली आमच्या अंगणात आहे. उद्याच काढतो.

---

आडगावची_नर्सताई

मी रविवारी काय करते ते सांगते, पाच मिनिटांचं काम आहे. मांजर उन्हात झोपलेलं असतं तेव्हा. वरचा ओठ उचलून हिरडी बघते, गुलाबी हवी. कानात काळा चुरा आहे का बघते. पाठीवर केस उलटे करून पिसवांची काळी घाण, गोल टक्कल बघते. पावसाळ्यात गजकर्ण होतं, ते माणसालाही लागतं. मग पंजा हातात घेऊन गादी हलकेच दाबायची, नख बाहेर येतं. पुढचं पांढरं टोक तेवढं कापायचं, आतल्या गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. एका दिवशी एकच पंजा झाला तरी चालतो. शेवटी तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकटीने, आणि वजाबाकी वहीत लिहायची. जास्त अचूक हवं असेल तर भाजीचा काटा आणि टोपली.

वही असली की पाव किलो घटलं तरी कळतं. नुसत्या डोळ्यांना केसाळ अंगात ते दिसत नाही.

---

सिडकोची_माऊवाली

वजनाची वही मीही सुरू करते. आणि खाणं पूर्ण सुटलं तर एक दिवसापेक्षा जास्त वाट बघू नका, विशेषतः जाडं मांजर असेल तर. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मूळ दुखणं राहतं बाजूला, यकृतच बसतं.

---

गंगापूर_रोडची_वेदश्री

अकरा दिवसांनी लिहिते. चिंगीचे जुलाब थांबले. पहिली लस झाली, डॉक्टरांच्या काट्यावर ७८० ग्रॅम भरली. गॅलरीत डबा ठेवलाय तुम्ही सांगितला तसा. काल दुपारी सासूबाई तिथे पाटावर बसून तिचं खाणं कोमट पाण्यात भिजवत होत्या आणि घड्याळाकडे बघून दहा मिनिटं मोजत होत्या. मी काही बोलले नाही, आत आले.

एक विचारायचं होतं. वाळूसाठी जुनं परातीएवढं टोपलं ठेवलंय, पण ती अर्धी वाळू बाहेर उडवते.

---

सिडकोची_माऊवाली

वाचून डोळे भरून आले गं. सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

टोपलं लहान पडतंय. बांधकामवाल्यांचं मोठं घमेलं घे, चार बोटं वाळू भर, खाली गोणपाट पसर. एक बाजू बुटकी राहू दे, तिचे पाय अजून छोटे आहेत.